टाचेमागची शीर (अकिलीस टेंडन) दुखणे: माझा अनुभव

सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली दहा-बारा पावले लंगडत टाकावी लागत. टाचेच्या हाडापासून सुमारे चार सेंटिमीटर वर शीर जाडसर लागे, धावताना दुखणे विरे आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट होऊन परते. तीन आठवड्यांची विश्रांती, बर्फाचा शेक आणि नवे बूट यांपैकी कशानेच फरक पडला नाही. पहाटे सोबती धावायला निघत आणि मी खिडकीत उभा असे, ते सर्वांत जड गेले.

गुण आला तो स्वीडनचे शल्यचिकित्सक हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या व्यायामाने. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून आधी चांगल्या पायाच्या जोरावर टाचा उचलाव्यात, मग सर्व भार दुखऱ्या पायावर घेऊन त्याची टाच सावकाश पायरीखाली न्यावी, आणि वर येताना पुन्हा चांगलाच पाय वापरावा. गुडघा ताठ ठेवून १५ चे तीन फेरे, नंतर गुडघा किंचित वाकवून तितकेच. दिवसातून दोनदा, रोज, १२ आठवडे. मध्यम दुखले तरी थांबायचे नाही, हे मला सर्वांत उशिरा पटले. दुखणे ओसरल्यावर पाठीवरच्या पिशवीत वजन वाढवत नेले. बाराव्या आठवड्याअखेर सकाळचा ताठरपणा गेला.

शीर अगदी टाचेच्या हाडालगत दुखत असेल, तर टाच पायरीखाली नेऊ नये. ‘फट्’ असा आवाज होऊन चवड्यावर उभे राहता येईनासे झाले, तर व्यायाम न करता त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे.