मंडळीच्या वडिलांचे आभार मानायचे तर

वर्षातून एकदा वडिलांना, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचं (चर्चचं) पुढारपण करणाऱ्या सेवकांना, पुढे बोलावून टाळ्या वाजवल्या की सन्मान झाला, असं बऱ्याच मंडळ्यांत धरून चालतात. टाळ्या जरूर वाजवा. पण वडिलांचं निम्म्याहून जास्त काम कुणी पाहिलेलंच नसतं, त्यामुळे त्या टाळ्या नेमक्या कशासाठी हे त्यांनाही कळत नाही. तेव्हा सुरुवात पाहण्यापासून करा.

बायबलमधली १ तीमथ्य ३:१-७ आणि तीत १:५-९ ही वचनं उघडा; वडील कसे असावेत ते तिथे सांगितलं आहे. शिकवण्याची हातोटी सोडली तर तिथे जवळजवळ सगळं स्वभावाबद्दलच आहे: संयम, अतिथिप्रेम, भांडखोरपणा नसणं, पैशाचा लोभ नसणं, घर नीट सांभाळणं, बाहेरच्या लोकांतही नाव चांगलं असणं. एकेका वडिलांसाठी वहीचं एक पान ठेवा आणि चार आठवडे जे दिसेल ते तारीख घालून टिपा. ‘फार प्रेमळ आहेत’ ही नोंद काही कामाची नाही. ‘खर्चाच्या बैठकीत दोघांचे आवाज चढले, तेव्हा दोघांचंही पूर्ण ऐकून घेतलं आणि निर्णय पुढच्या बैठकीवर ठेवला’, ही कामाची.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. वडील कोणाकडे भेटीला गेले, कोणत्या घरातलं भांडण मिटवलं, हे खोदून विचारू नका आणि चुकून कळलं तर बोलू नका. सगळ्यांसमोर कौतुक करताना हीच चूक सर्वात जास्त होते. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ज्या कुटुंबाने विश्वासाने मन मोकळं केलं ते पुन्हा वडिलांना बोलवायला धजत नाही.

मग पत्र लिहा, हाताने, शंभर-दीडशे शब्दांचं. आधी काय पाहिलं ते, मग त्यातून त्यांचा कोणता गुण दिसला, त्याचा तुमच्यावर काय परिणाम झाला आणि शेवटी त्यांच्यासाठी कोणती प्रार्थना करत आहात. उदाहरणार्थ: ‘मागच्या महिन्यात नव्याने आलेले आजोबा एकटे बसले होते. तुम्ही तुमची नेहमीची जागा सोडून त्यांच्याशेजारी बसलात आणि त्यांना गीताचं पान काढून दिलंत. ते पाहिल्यापासून मीही आल्या आल्या आधी नवा चेहरा शोधतो.’ पत्रात मागणी, सूचना, ‘फक्त एक गोष्ट सुचवायची होती’ असलं काहीही नको. त्या एका ओळीने बाकीचं सगळं पुसलं जातं. पत्र उपासनेच्या आधीच्या धावपळीत हातात कोंबू नका, मधल्या एखाद्या दिवशी द्या.

सार्वजनिक आभार छोटे ठेवा. १ थेस्सलनीकाकरांस ५:१२-१३ वाचा, प्रत्येकाबद्दल एकच ठोस गोष्ट सांगा आणि नाव घेऊन प्रार्थना करा. प्रत्येकी दोन-तीन मिनिटं पुरतात. तुलना नको. उत्तम बोलणाऱ्या वडिलांचं कौतुक आपोआप होतं. हिशेब तपासणारे, मागे राहून दारं बंद करणारे राहून जातात, म्हणून त्यांची पानं आधी भरा.

१ तीमथ्य ५:१७ मध्ये चांगलं पुढारपण करणाऱ्या वडिलांना दुप्पट सन्मान द्यायला सांगितलं आहे, आणि लगेच पुढच्या वचनात मळणी करणाऱ्या बैलाचं तोंड बांधू नये आणि मजुराला त्याची मजुरी मिळावी, असं येतं. म्हणजे सन्मानात व्यवहारही आला. पूर्णवेळ शिकवणाऱ्यांचं मानधन ठरल्या तारखेला द्या. बिनमोबदला सेवा करणाऱ्यांचा प्रवासखर्च त्यांनी मागायच्या आधी विचारा. आठवड्यातली एक संध्याकाळ बैठक नाही, फोन नाही, अशी त्यांच्या घरच्यांसाठी राखून ठेवा. पती किंवा पत्नीला वेगळी चिठ्ठी लिहा. रात्री-अपरात्री आलेल्या फोनची झळ त्यांनाही बसलेली असते.

आदर म्हणजे दोषांवर पांघरूण नव्हे. त्याच अध्यायात दोन-तीन साक्षीदारांशिवाय वडिलांवरचा आरोप स्वीकारू नये असं आहे, आणि जे पाप करत राहतात त्यांना सर्वांसमोर दोष दाखवावा असंही आहे. तक्रार असेल तर ती त्या वाटेने न्या, आभाराच्या दिवशी नाही.

सेवेतून निवृत्त झालेल्या, आता उपासनेला येऊ न शकणाऱ्या वडिलांना पत्र पाठवू नका, घेऊन जा. दिसत नसेल तर मोठ्याने, सावकाश वाचून दाखवा. पंधरा मिनिटं बसा, आणि निघण्याआधी त्यांना तुमच्यासाठी प्रार्थना करायला सांगा.