ब्रिटिश लोकांचं स्वप्न काय, ते त्यांच्या तोंडून कसं काढून घ्यायचं

अमेरिकन ड्रीमसारखं तुमचं काही आहे का, असं थेट विचारू नका, समोरचा हसेल नाहीतर पावसावर घसरेल. त्यापेक्षा घराचा विषय काढा. पंतप्रधान थॅचरबाईंच्या सरकारने १९८० च्या कायद्याने कौन्सिलच्या (म्हणजे तिकडच्या पालिकेच्या) घरांतल्या भाडेकरूंना राहतं घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला आणि लाखो लोकांनी तो वापरला, त्यामुळे स्वतःचं घर, मागे जराशी बाग, जमलंच तर म्हातारपणी खेड्यात कॉटेज, हे बरंच कॉमन निघतं, निदान इंग्लंडात तरी. इस्टेट एजंटच्या काचेसमोर उगाच फोटो बघत उभी असलेली माणसं बघा, कळेल.

मग हळूच एनएचएसवर, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेवर या. १९४८ पासून हॉस्पिटलच्या बिलाची धास्ती नाही, हे तिकडे जवळजवळ देव्हाऱ्यातलं प्रकरण, २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनात चक्क नर्सेस आणि पलंग नाचवले होते राव! म्हणजे मोठं होण्यापेक्षा आहे ते टिकावं हीच इच्छा जास्त, असं आपलं माझं मत.

आणि हो, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत 'ब्रिटिश' शब्द जपून वापरा, स्कॉटलंडने ब्रिटनपासून वेगळं व्हायचं का यावरच्या २०१४ च्या सार्वमतात त्या शहराने बहुमताने वेगळं व्हायच्या बाजूने मत दिलं होतं.