गजर वाजतो, गोळी राहते: प्रत्यारोपणानंतर मोबाइलवर विसंबताना या चुका टाळा

बाबांचं किडनी प्रत्यारोपण झालंय. गोव्यात फोंड्याला आमच्या घरी सकाळी आठला त्यांचा मोबाइल वाजतो. बाबा चष्मा शोधतात, गोळ्यांची आठवण करून देणाऱ्या ॲपमधलं ‘घेतली’ हे हिरवं बटण दाबतात आणि गोळी घ्यायला स्वयंपाकघराकडे निघतात. वाटेत पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंपू ऐकू आला की पावलं फाटकाकडे वळतात. उंडे, म्हणजे गोल पाव घरात येतात, चहा होतो, पेपर उघडला जातो. ॲपमध्ये हिरवी खूण, पुण्यात बहिणीच्या मोबाइलवरही हिरवी खूण, आणि टॅक्रोलिमसची, म्हणजे नवी किडनी टिकवणाऱ्या औषधाची कॅप्सूल अजून पाकिटातच. असं तीनदा झालं. तिन्ही वेळा आईनं पाकीट बघून पकडलं.

म्हणून आधी पाणी, मग गोळी, आणि बटण सगळ्यात शेवटी. आम्ही आता मोबाइल रात्री गोळ्यांच्या डब्याशेजारीच चार्जिंगला लावतो, म्हणजे गजर बंद करायला तिथवर जावंच लागतं. शिवाय दर रविवारी उरलेल्या कॅप्सूल मोजतो. ॲपचा हिशोब आणि पाकिटातला आकडा जुळला नाही, तर पाकीट खरं.

एवढी काटेकोरी कशासाठी? नवी किडनी शरीराला परकीच वाटत असते. तिच्यावर हल्ला होऊ नये म्हणून या गोळ्या. साधी टॅक्रोलिमस दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने घ्यायची असते. रक्तातलं प्रमाण कमी पडलं तर शरीर किडनी नाकारू शकतं, जास्त झालं तर हात थरथरतात आणि त्याच किडनीला इजा होते.

आमची सगळ्यात महागात पडली असती अशी चूक मात्र गोळी वेळेवर घेतल्याची आहे. औषधाची पातळी तपासायची त्या दिवशी रक्त सकाळच्या डोसआधी द्यायचं असतं, म्हणजे आदल्या रात्रीच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी. आम्ही घरातून लवकर निघालो, वाटेत आठ वाजले, गजर झाला आणि बाबांनी इमानदारीनं गोळी घेतली. पातळी भलतीच चढलेली आली. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, “गोळी घेऊन आला होता काय?” त्यांनी विचारलं म्हणून बरं. नाहीतर खोट्या आकड्यावरून डोस कमी झाला असता. वाळपई-साखळीसारख्या लांबच्या गावांकडून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात येणाऱ्यांचा तर आठचा गजर हमखास बसमध्येच वाजणार. आदल्या रात्रीच त्या दिवसाचा गजर बंद करा, त्या जागी ‘आधी रक्त, मग गोळी’ असा नवा लावा, आणि कॅप्सूल पिशवीत बरोबर घ्या. रक्त दहाला घेणार असतील तर आदल्या रात्रीची गोळी किती वाजता घ्यायची, हेही आधी विचारून ठेवा.

गजरच वाजला नाही, ही तक्रारही असते. बहुतेक वेळा दोष बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगचा. अनेक अँड्रॉइड फोन न वापरलेली ॲप्स मागच्या मागे झोपवतात. सेटिंगमध्ये बॅटरीच्या भागात जाऊन या ॲपवरचं बंधन काढा, सूचनांची परवानगी तपासा, ‘डू नॉट डिस्टर्ब’मधून त्याला सूट द्या. फोन अपडेट झाला की हे सगळं पुन्हा बघा. जोडीला घड्याळातला साधा गजर हवाच, त्याला नेटवर्क लागत नाही. पावसाळ्यात रात्रभर वीज गेली आणि फोनच बंद पडला तर तोही वाजत नाही, म्हणून आईनं सेलवरचं टेबल-घड्याळ ठेवलंय. आमच्या सगळ्या तंत्रज्ञानात तेच एक अजून रुसलेलं नाही.

आवाज करणारे, दिवे लागणारे गोळ्यांचे डबेही मिळतात. घ्या, पण टॅक्रोलिमस सुटी काढून आठवड्याची भरून ठेवू नका. ती पाकिटातून काढली की लगेच घ्यायची असते, ओल तिला चालत नाही, आणि जुलैत गोव्यातलं मीठसुद्धा पाणी सोडतं. पाकीट कात्रीनं कापून कॅप्सूल वेष्टनासकट ठेवा.

डोस बदलला की ॲपमध्ये त्याच दिवशी, दवाखान्यातून बाहेर पडायच्या आधी बदला. दिवसातून एकदा घ्यायची टॅक्रोलिमस वेगळी आणि दोनदाची वेगळी. नाव तेच दिसलं म्हणून फार्मसीवाल्यानं दिलेलं पाकीट तसंच घेऊ नका, ॲपमधल्या फोटोशी ताडून बघा.

मुलाकडे दुबईला गेलात तर फोन आपोआप दीड तास मागे जातो आणि आठचा गजर आपल्याकडच्या साडेनऊला वाजतो. वेळ कशी सरकवायची ते तिकीट काढतानाच डॉक्टरांना विचारा.

गोळी राहिलीच, तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. प्रत्यारोपण विभागाला फोन करा. तो नंबर मोबाइलमध्ये असतोच, फ्रिजवरही चिकटवा.

आणि चवथीचं, म्हणजे गणेशचतुर्थीचं एक, जे आमच्या ॲपनं कधी सांगितलं नाही. माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळांच्या चौकटीला बांधलेलं पपनस विसर्जनानंतर सगळे सोलून खातात. ग्रेपफ्रूटच्या या भाऊबंदामुळे टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढू शकते. आमच्याकडचं पपनस हल्ली सरळ शेजारच्या काकूंकडे जातं आणि बाबा त्या पपनसाकडे बघत केळं खातात.