पिकअपच्या दाराची पट्टी

आमच्या 2006 च्या पिकअपची डाव्या दारावरची प्लॅस्टिकची पट्टी कात्रजच्या घाटात लोंबायला लागली. आधी इन्स्टंट ग्लू लावला. दोन दिवसांत टक्‌कन सुटली. तो ग्लू वाळून काचेसारखा कडक होतो. दार आपटलं, ऊन लागलं की तडकतोच. मग मेकॅनिक म्हणाला, "सिलिकॉन मारा, दादा." पण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज आणतं, आणि आमच्या दाराचा रंग आधीच पोपडे धरलेला.

शेवटी नाना पेठेतून अ‍ॅक्रिलिक फोमची दुहेरी टेप आणली. खरं काम सफाईचंच. हेअर ड्रायरने जुना गम गरम केला, नायलॉनच्या दोरीने करवतीसारखा कापला, उरलेला अंगठ्याने चोळून गोळ्या गोळ्या करून काढला. (अंगठा दोन दिवस दुखत होता.) पोपडे खरवडून प्रायमर आणि रंगाचा हात दिला, तो आठवडाभर वाळू दिला. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसलं. पट्टी मास्किंग टेपने आधार देऊन नीट दाबली. पूर्ण पकड यायला 72 तास लागतात, तोवर गाडी धुतली नाही.

दोन पावसाळे झाले, पट्टी जागची हललेली नाही. आता उजवी सुटायला आली आहे.