चिखल्या पुन्हा पुन्हा होतात? या चुका टाळा

भोरकडच्या आमच्या गावात भातलावणी सुरू झाली की बायकांच्या पायांना चिखल्या होतातच. दिवसभर चिखलात उभं राहायचं, घरी येऊन पायांवर दोन तांबे पाणी ओतायचं आणि तशाच ओल्या पायांनी स्वयंपाकाला लागायचं. पावसात बूट-मोजे भिजवत ऑफिस गाठणाऱ्यांना जे ‘अ‍ॅथलीट्स फूट’ होतं, तेही बहुतेक वेळा हेच दुखणं. भिजून मऊ पडलेल्या कातडीत बुरशी शिरते. गजकर्ण करणाऱ्या बुरशीच्याच कुळातली ही.

पहिली चूक म्हणजे बोटं फाकवून न बघणं. सुरुवात बहुधा करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामध्ये होते, कारण ती बोटं एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात आणि तिथे वारा लागत नाही. सासूबाईंची करंगळी मी बाजूला केली, तेव्हा आतली कातडी भिजलेल्या कागदासारखी पांढरी पडून सुटत होती आणि खाली लालभडक भेग होती. वरून पाय अगदी स्वच्छ दिसत होता. काहींच्या तळव्यावर नुसता पिठासारखा कोंडा सुटतो आणि खाज फारशी नसते. ती कोरडी त्वचा समजून माणसं महिनोन्‌महिने व्हॅसलीन चोळत राहतात.

दुसरी चूक पुसण्यातली. पाय सगळेच धुतात, बेचकं मात्र कोणी टिपत नाही. जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा मऊ तुकडा घ्यायचा आणि एकेका बेचक्यात घालून हलक्या हाताने टिपायचं. घासायचं नाही, सुटलेली कातडी ओढायची नाही. हा तुकडा रोज धुवायचा, दुसऱ्या कोणी वापरायचा नाही. पावडर कोरड्या पायालाच लावावी. ओल्यावर टाकली की तिचा लगदा होऊन बेचक्यातच बसतो.

आता ज्या चुकीने मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, तिच्याबद्दल. सासूबाईंसाठी आम्ही दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ मागून आणली. दोन दिवसांत खाज थांबली. महिन्याभराने ट्यूब संपली आणि चिखल्या पावलाच्या वरच्या बाजूला पसरल्या. त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबतं, पण बुरशीला मोकळं रान मिळतं आणि कातडी पातळ होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडांची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती सहज हातात पडतात. म्हणून ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही स्टेरॉइडं. क्लोट्रिमाझोल आणि टर्बिनाफिन ही बुरशीची औषधं. क्लोबेटासॉल आणि क्लोट्रिमाझोल ऐकायला सारखी वाटतात, तिथेच घोटाळा होतो.

औषध मध्येच सोडणं ही तितकीच मोठी चूक. क्लोट्रिमाझोल साधारण दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे लावावं लागतं. टर्बिनाफिनला बहुधा एक-दोन आठवडे पुरतात. खाज आठवड्यात थांबली तरी बुरशी कातडीत शिल्लक असते. मलम पातळच लावा, आजूबाजूच्या चांगल्या कातडीवरही थोडं न्या. टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशी आपल्याकडे वाढली आहे, त्यामुळे नीट लावूनही फरक नसेल तर ट्यूब बदलत बसू नका. त्वचारोगतज्ज्ञ कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बेचक्यातलं प्रत्येक दुखणं बुरशीचंच असतं असं नाही, जंतूंमुळेही तिथे कातडी सडते.

चुना, रॉकेल, बॅटरीतलं पाणी असलं काही भेगेवर घालू नका. कातडी भाजते आणि मग मूळ दुखणं ओळखता येत नाही.

मोजे रोज बदला. बुटांच्या दोन जोड्या आलटून पालटून वापरा, म्हणजे एक जोड पूर्ण वाळते. जांघेत गजकर्ण वारंवार होत असेल तर पाय तपासा. चिखल्या असताना अंतर्वस्त्र पायातून वर ओढलं की बुरशी जांघेपर्यंत जाते, म्हणून आधी मोजे घालावेत. नख पिवळं, जाड, ठिसूळ झालं असेल तर बुरशी तिथे दबा धरून बसलेली असू शकते. त्यावर नुसतं मलम सहसा पुरत नाही.

मधुमेह असलेल्यांनी घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये. पाय सुजला, गरम लागला, पू आला, लाली वर चढू लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि उघड्या भेगा घेऊन पुराच्या पाण्यातून किंवा शेतातल्या साचलेल्या पाण्यातून चालला असाल, तर लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे) जंतू त्या भेगेतून आत शिरू शकतात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले, तर पाण्यात उतरल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा.