बेळगावहून विमानाचं अंतर आणि वेळ कसा काढायचा?

मुंबईला जायचं म्हटलं की कोणीतरी जेटचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरून अंतराला ८०० ने भागतो आणि ठोकून देतो, "अर्धा तास, बस की!" असल्या हिशेबावर मुंबईहून पुढचं तिकीट काढू नका.

आधी विमानतळ पक्का करा. बेळगावचा म्हणजे सांबऱ्याचा, कोड आयएक्सजी. निपाणीकरांना कोल्हापूरचं उजळाईवाडी जवळ, त्यांनी तिथून मोजावं.

मग अंतर. संगणकावर गूगल मॅप्स उघडून सांबऱ्याच्या धावपट्टीवर राइट क्लिक, 'अंतर मोजा', दुसऱ्या विमानतळावर क्लिक. झालं. सरळ रेषेत मुंबई साधारण ४०० किलोमीटर, हैदराबाद ४३५, बेंगळुरू ४४५, दिल्ली १४३०. दुसऱ्या कुठल्या साइटवर आकडा नॉटिकल मैलांत दिसला तर किलोमीटरसाठी १.८५२ ने गुणा.

आता वेळ. सगळे अडकतात ते इथेच. तिकिटावरचा वेळ हवेतला नसतो; विमान उभ्या जागेवरून हललं की सुरू होतो आणि दुसरीकडे जागेवर थांबलं की संपतो. धावपट्टीपर्यंतची चाल, चढणं, उतरणं, ताटकळणं सगळं त्यात आलं. शिवाय १०,००० फुटांखाली वेग २५० नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. मुंबईच्या टप्प्यात जेट पूर्ण वेगात येतं न येतं तोच उतरायला लागतं. म्हणून नुसता भागाकार जवळच्या प्रवासाला सपशेल चुकतो, दिल्लीला त्या मानाने कमी.

माझी रीत अशी: जेट असेल तर अंतर भागिले ८००, वर ४० मिनिटं. एटीआर, म्हणजे पंख्यांचं छोटं विमान असेल तर भागिले ५००, वर अर्धा तास. मुंबईला जेटने १ तास १० मिनिटं, एटीआरने १ तास २० च्या आसपास. दिल्ली अडीच तास. विमान कोणतं ते बुकिंगच्या पानावर लिहिलेलं असतं, तेवढं वाचायचा कंटाळा करू नका.

मुंबईसाठी अजून सढळ हात ठेवा. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमानं उतरवता येत नाहीत. गर्दी झाली की आपलं विमान आभाळात घिरट्या घालत बसतं.

दुबईचं तिकीट बघताना वेगळी गंमत: दोन्ही वेळा स्थानिक असतात आणि दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. मुंबईहून १० ला निघून साडेअकराला पोहोचलात, तर प्रवास ३ तासांचा. थंडीत वरचे पश्चिमी वारे जोरात असतात, त्यामुळे जाताना जास्त वेळ लागतो, येताना कमी.

शेवटी घर ते विमानतळ. देशातल्या विमानांचं चेक-इन साधारण पाऊण ते एक तास आधी बंद होतं. आणि गोव्यातला मोपा विमानतळ गाठायचा असेल तर पावसाळ्यात चोर्ला घाटाला मॅप्स दाखवतो त्याहून तासभर जास्तच धरा.