डेथ व्हॅलीतला गोल्डन कॅन्यन एका दिवसात कसा करायचा

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली नॅशनल पार्कमध्ये एकच दिवस असेल तर डोळे झाकून गोल्डन कॅन्यन या दरीतला ट्रेक घ्या, आणि नोव्हेंबर ते मार्चमध्येच जा, कारण उन्हाळ्यात तिथे सकाळी 10 नंतर चालूच नका असं पार्कवालेच सांगतात (1913 मध्ये इथेच 56.7 अंश तापमान नोंदलं गेलंय, गंमत नाही!).

उजाडताना सुरू करा. सुरुवातीला पिवळ्याधमक भिंती, पुढे रेड कॅथेड्रलचा लालभडक कडा, हा रंग म्हणजे दगडातल्या लोखंडाचा गंज. तिथून परत फिरलात तर जाऊन-येऊन साधारण 5 किमी. दम असेल तर गावर गल्च नावाच्या घळीतून गोल फेरी मारा, ती 7 किमीच्या आसपास पडते, आणि मला विचाराल तर हीच करा, आल्या वाटेने परत यायचा कंटाळा येतो.

पाणी माणशी 4 लिटर, कमी नाही. सावली जवळपास नाहीच, त्यामुळे टोपी, सनस्क्रीन आणि खारं काहीतरी खायला हवंच. मोबाईलला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका, मॅप आधीच डाउनलोड करा. कुत्र्याला नेऊ नका, ट्रेलवर परवानगी नाही.

आणि हो, आभाळ भरून आलं असेल तर कॅन्यनमध्ये शिरूच नका. पूर्वी आतून चक्क डांबरी रस्ता होता, 1976 च्या पुरात वाहून गेला, त्याचे तुकडे अजून दिसतात.